प्रत्येक चूक ‘घोर पाप’ असते का? ख्रिस्ती शिकवणीतील पापाचे प्रकार समजून घ्या

इंग्लंडहून गोव्यात आलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ हे ओवीबद्ध मराठी काव्य १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. ‘पाप’, ‘मुक्ती’, ‘वैकुंठ’ असे मराठी माणसाच्या ओळखीचे शब्द त्यांनी त्यात वापरले. शब्द तेच राहिले, अर्थ मात्र थोडा बदलला. पाप-पुण्याच्या हिशेबात जमा आणि खर्च असतो. ख्रिस्ती शिकवणीत पाप म्हणजे देवाशी आणि शेजाऱ्याशी असलेले नाते बिघडवणे. ते नाते किती बिघडले, यावर कॅथलिक परंपरेत पापाचे गांभीर्य ठरते.

मूळ पाप म्हणजे काय?

आदाम आणि हव्वा यांच्या आज्ञाभंगातून मानवजातीला मिळालेली ही अवस्था. ती कुणी स्वतः केलेली चूक नसते. बाप्तिस्म्याने मूळ पाप धुतले जाते, मात्र मोहाकडे झुकण्याची वृत्ती उरते.

घोर आणि क्षुल्लक पाप यांत फरक काय?

१९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथानुसार घोर पापासाठी तीन अटी लागतात : बाब गंभीर असावी, ती चुकीची आहे याची पूर्ण जाणीव असावी आणि ती स्वेच्छेने केलेली असावी. यांतील एकही अट अपुरी असेल, तर दोष हलका होतो. उदाहरणार्थ, दुकानदाराकडून हिशेबात नकळत दहा रुपये जास्त घेतले गेले, तर ते पाप नाही. मुद्दाम घेतले, तर ते क्षुल्लक पाप ठरू शकते. हातावर पोट असलेल्या मजुराची मजुरी जाणूनबुजून बुडवणे मात्र गंभीर आहे. अशा मजुरीचा आक्रोश देवाच्या कानी जातो, असे बायबलमधील याकोबाच्या पत्रात सांगितले आहे.

‘सात पापे’ कोणती?

गर्व, लोभ, मत्सर, क्रोध, वासना, खादाडपणा आणि आळस. सहाव्या शतकात पोप ग्रेगरी पहिले यांच्या लिखाणातून या यादीला वळण मिळाले. ही अन्य पापांची मुळे मानली जातात.

काहीच केले नाही, तरी पाप?

होय. मिस्साविधीतील क्षमायाचनेत विचार, शब्द आणि कृती यांच्याबरोबर कर्तव्यात केलेल्या कसुरीचाही उल्लेख असतो. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यात जखमी वाटसरूला पाहून दोघे जण बाजूने निघून जातात. त्यांनी त्याला मारलेले नसते, पण मदतही केलेली नसते.

पाप समाजाचेही असते. तत्त्वांशिवाय राजकारण, कष्टांशिवाय संपत्ती अशा सात सामाजिक पापांची यादी महात्मा गांधींनी ‘यंग इंडिया’त ऑक्टोबर १९२५ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रेडरिक डोनाल्डसन या अँग्लिकन धर्मगुरूंनी लंडनमधील प्रवचनात अशीच यादी मांडली होती.

कबुली दिली की सुटका होते का?

वर्षातून किमान एकदा धर्मगुरूंपुढे पापांची कबुली द्यावी, असा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने केला. प्रोटेस्टंट पंथांत सहसा घोर-क्षुल्लक अशी विभागणी करत नाहीत आणि थेट देवाकडे क्षमा मागण्यावर भर असतो. कॅथलिक शिकवणीनुसार धर्मगुरूंकडून क्षमा मिळाली, तरी शक्य तेवढी भरपाई करावीच लागते. चोरलेले परत करावे आणि बदनामी केली असेल, तर खरे काय ते सांगावे. जकातदार जक्कयानेही लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याचे येशूला सांगितले होते. म्हणजेच मजुरी बुडवणाऱ्याने प्रार्थना केली, तरी मजुराचे पैसे देणे त्याला चुकत नाही.