वाडेगावच्या लिंबाची आईसकांडी

बाळापूर तालुक्यातलं वाडेगाव लिंबांसाठी प्रसिद्ध. पण उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की लिंबाचा भावही चढतो, म्हणून रस वाया घालवू नका.

४ वाट्या पाण्यात १ वाटी साखर विरघळेपर्यंत गरम करा. गॅस बंद करून पुदिन्याची १५-२० पानं चुरडून टाका नि झाका. पानं उकळली की कांडीला काढ्याची चव येते. पाक गार झाल्यावर गाळा, मग अर्धी वाटी लिंबाचा रस, चिमूटभर काळं मीठ आणि चमचाभर भिजवलेला सब्जा घाला. साल घट्ट पिळू नका, रस कडवट होतो.

मिश्रण चाखताना किंचित जास्तच गोड लागायला हवं, कारण थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते. साखर फार कमी केली तर कांडी दगडासारखी होते. फार वाढवली तर गोठतच नाही.

साचा कशाला? स्टीलचे छोटे पेले चालतात. वर बोटभर जागा सोडा, गोठताना पाणी फुगतं. दीड-दोन तासांनी मिश्रण रवाळ झालं की काडी खोचा. आधी खोचली तर ती आडवी पडते, सब्जाही तळाशी बसतो. आमच्याकडे मधेच लाईट गेली तेव्हा नेमकं हेच झालं. पोरांनी तरीही पेले चाटून पुसून ठेवले.

रात्री लावलेली कांडी सकाळी तयार. पेला क्षणभर साध्या पाण्यात धरा, अलगद सुटते.