रोमिलीबाईंचा थ्युसिडिडीस

मैत्रिणींनो, आज जिच्याविषयी लिहिणार आहे ती बाई आपल्या देशातली नाही आणि तिचा विषय तर त्याहून लांबचा. प्राचीन ग्रीकांचं इतिहासलेखन! आमच्या महिला मंडळात हे नुसतं बोलले तर एकीने लगेच विचारलं, "काय करायचंय आपल्याला ते?" तरी पण वाचाच.

जॅकलिन द रोमिली यांचा जन्म १९१३ सालचा, फ्रान्समधल्या शार्त्र गावचा. वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. १९१४ मध्ये ते पहिल्या महायुद्धात मारले गेले, तेव्हा पोर जेमतेम दीड वर्षाची. आई झान कादंबऱ्या लिहायची. तिने एकटीने मुलीला वाढवलं. फ्रान्समध्ये शाळकरी मुलांची एक मानाची देशपातळीवरची स्पर्धा असते. मुलींना तिला पहिल्यांदा बसू दिलं ते १९३० साली, आणि त्याच वर्षी या मुलीने लॅटिनमध्ये पहिलं आणि ग्रीकमध्ये दुसरं बक्षीस पटकावलं. पुढे आईनेच तिच्या हातात थ्युसिडिडीसच्या ग्रंथाची एक जुनी प्रत ठेवली. तिथून ते वेड लागलं ते जन्मभराचं.

हा थ्युसिडिडीस मूळचा सेनापती. इसवी सनपूर्व ४२४ मध्ये अँफिपोलिस शहर वाचवता आलं नाही म्हणून अथेन्सने त्याला हद्दपार केलं. वीस वर्षं बाहेर राहून तो अथेन्स आणि स्पार्टा यांच्या सत्तावीस वर्षांच्या युद्धाचा इतिहास लिहीत राहिला. तो अपुराच राहिला. त्यामुळे विद्वानांना एक उद्योग मिळाला: कुठला भाग त्याने आधी लिहिला, कुठला नंतर घुसवला? शंभर वर्षं हे चाललं होतं. तांदूळ निवडावेत तसे ग्रंथाचे तुकडे निवडत बसायचे!

रोमिलीबाईंनी वेगळंच केलं. त्यांनी एकच धागा पकडला, अथेन्सच्या सत्तेच्या हव्यासाचा, आणि तो ग्रंथभर कसा जातो ते दाखवलं. एकदा दुसऱ्यांवर राज्य करायला लागलं की थांबता येत नाही. सोडावं तर दुखावलेले लोक उलटतील, म्हणून आणखी आवळायचं. हा विचार सुरुवातीपासून शेवटपर्यंत सापडतो, म्हणजे लिहिणाऱ्याचं डोकं एकसंध होतं. हा प्रबंध १९४७ चा, १९६३ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर आलं, आणि अजूनही या विषयावर लिहिणाऱ्याला तो टाळून पुढे जाता येत नाही.

आता ही बाई सत्तेच्या हव्यासावर कधी लिहीत होती? जर्मनांनी फ्रान्स व्यापलेला. वडील ज्यू घराण्यातले, म्हणून नव्या कायद्याखाली १९४१ मध्ये बाईंची शिक्षकाची नोकरी गेली. लपूनछपून दिवस काढावे लागले. थ्युसिडिडीसमध्ये मेलोस नावाच्या छोट्या बेटाची हकीकत आहे. आम्हाला कुणाच्याच बाजूला ओढू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. अथेन्सने वेढा घालून बेट जिंकलं, पुरुष मारले, बायकापोरं गुलाम म्हणून विकली. ही पानं तेव्हा वाचताना बाईंच्या मनात काय आलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. प्रबंधात मात्र कुठे रडगाणं नाही.

१९५६ चं त्यांचं पुस्तक मला जास्त भावतं. थ्युसिडिडीस सेनापतीच्या भाषणात जे शब्द घालतो, तेच पुढे लढाईच्या वर्णनात पुन्हा येतात. त्यामुळे कुणाचा अंदाज खरा ठरला आणि कुणाचा फसला, हे न सांगताच कळतं. बारकाईने विणकाम उलटं करून टाके पाहावेत, तसं हे काम. नंतरच्या काही अभ्यासकांना त्यांचा थ्युसिडिडीस जरा जास्तच तर्कशुद्ध वाटला, तो हळवाही आहे असं त्यांचं म्हणणं. असेल. पण भांडायलाही त्यांना आधी बाईंचंच पुस्तक उघडावं लागलं!

गंमत पाहा. या ग्रंथात बायका जवळजवळ नाहीतच. एका प्रसिद्ध भाषणात पेरिक्लीस युद्धातल्या विधवांना सांगतो, की ज्या बाईविषयी पुरुषांत कमीत कमी बोललं जातं तीच भली. आणि हा ग्रंथ चिकाटीने संपादून, भाषांतर करून फ्रेंच वाचकांसमोर ठेवण्यात मोठा वाटा कुणाचा? युद्धातल्याच एका विधवेच्या लेकीचा.

१९७३ मध्ये कॉलेज द फ्रान्स या नामांकित संस्थेत त्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. १९८८ मध्ये फ्रेंच अकादमीत निवडून आल्या, तिथे मात्र दुसऱ्या. १९९५ मध्ये ग्रीसने त्यांना आपलं नागरिकत्व दिलं. उतारवयात दृष्टी गेली, तरी शाळांतून ग्रीक-लॅटिन हद्दपार होऊ नये म्हणून त्या बोलत राहिल्या. २०१० च्या डिसेंबरमध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी गेल्या.

आई गेल्यावर त्यांनी तिच्यावर एक पुस्तक लिहून ठेवलं होतं, पण ते आपल्या हयातीत छापू दिलं नाही. २०११ मध्ये ते निघालं. नाव साधंच, आईचं: 'झान'.