जोड आणि ठिगळ

भाषेत आपण 'ठिगळ' हा शब्द उणेपणा दाखविण्यासाठीच वापरतो. ज्या कामाला ठिगळ लावावे लागले ते हलक्या प्रतीचे, अशी आपली समजूत असते. गोधडीचा विचार करू लागलो म्हणजे ही समजूत सोडावी लागते. लहान तुकड्यांतून मोठे वस्त्र करण्याच्या मुख्य रीती दोन. तुकड्याच्या काठाला दुसऱ्या तुकड्याचा काठ शिवणे ही एक. तिला आम्ही जोडकाम म्हणतो. अखंड कापडावर तुकडा बसविणे ही दुसरी, ते ठिगळकाम. या दोहोंतील खरा भेद ताण कोणी सोसावयाचा यात आहे. नक्षी त्यामागून येते.

जोडकामात सारा ताण शिवणीवर येतो. दोन तुकड्यांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून काठापासून पाव इंचावर टीप घालावयाची आणि तुकडे उलगडावयाचे, एवढीच कृती. पण हिशेब कडक आहे. दोन इंचांचा चौकोन दिसावा म्हणून अडीच इंचांचा कापावा लागतो. म्हणजे कापडाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग शिवणीत दडतो. वीस पट्ट्या जोडताना प्रत्येक शिवण अर्धे सूत जास्त आत गेली, तर शेवटी दोन इंचांहून अधिक रुंदी हरवते. तुकडा तिरपा कापला तर तो ताणला जाऊन आकार बिघडतो. तेव्हा जोडकामास मोजमाप हवे आणि काठ धडधाकट हवेत. आपल्याकडे लुगडे मध्यभागी विरले की तेवढा भाग काढून उरलेली टोके एकमेकांस शिवीत. याला दंड घालणे म्हणत. हे शुद्ध जोडकामच होय.

ठिगळकामात ताण खालचे कापड सोसते. म्हणून ठिगळ कोणत्याही आकाराचे चालते आणि विरलेलेही चालते. काठ आत दुमडून बारीक तुरपाई करावी; आत वळणारी कड असेल तेथे कात्रीने लहान चिरा द्याव्यात, म्हणजे दुमड चुणी न पडता बसते. सिंध, कच्छ आणि राजस्थानातील रल्लीत कापडाची घडी घालून कागदाप्रमाणे नक्षी कातरतात व ते कापड दुसऱ्या रंगाच्या कापडावर बसवितात. ओडिशात पुरीजवळच्या पिपिलीचे कारागीर याच रीतीने चांदवे आणि छत्र्या करतात. रथयात्रेत जगन्नाथाच्या रथाचे आच्छादन तांबडे-पिवळे, बलभद्राचे तांबडे-हिरवे आणि सुभद्रेचे तांबडे-काळे असते. तेथे कापड नवे असते; ठिगळ गरजेपोटी येत नाही, शोभेसाठी येते.

आपली गोधडी किंवा वाकळ या दोहोंहून थोडी निराळी आहे. जुनी सुती लुगडी व धोतरे थरावर थर अंथरून, विरलेल्या जागी तुकडे ठेवून, सर्वांमधून धावदोरा घालतात. एकेक थर दुबळा असतो. पण जवळजवळ घातलेले टाके ताण साऱ्या थरांत वाटून देतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ-यल्लापूर भागात राहणाऱ्या सिद्दी स्त्रियांची कवंदी हीच युक्ती पुढे नेते. आफ्रिकी वंशाच्या या समाजातील अनेकांचे पूर्वज गोव्यातून तेथे गेले. त्यांच्यात कोंकणी बोलली जाते. कवंदी काठापासून सुरू होते आणि फेऱ्यांनी आत सरकते. टाका पुढे जाईल तसा नवा तुकडा ठेवावयाचा. जो टाका तुकडा बसवितो तोच थरही बांधतो. चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची 'फुले' लावल्यावाचून कवंदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत.

हे सारे सांगण्याचे कारण आजच्या बाजारात आहे. घराघरांत कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. त्या घाम टिपीत नाहीत, थरांत घसरतात आणि धुऊन धुऊन मऊ होत नाहीत. जुने सुती लुगडे मिळेनासे झाले, तेव्हा नवे कापड कापून, यंत्रावर जोडून, वर चार ओळी टिपा मारलेली वस्तूही गोधडी म्हणून विकली जाते. जोडकाम म्हणून ती चांगली असू शकेल. पण हाताने थर बांधण्याचे श्रम तिच्यात नसतात. दोन्हींस एकच भाव मिळू लागला, तर आठवडेच्या आठवडे धावदोरा घालणारी बाई सुई खाली ठेवील, यात नवल नाही.

यावर उपाय गिऱ्हाइकाच्याच हाती आहे. गोधडी विकत घेताना वरचे रंग पाहावेत, आणि मग ती उलटून पाहावी. मागच्या बाजूस टाके किती जवळ आहेत, रांग मध्येच तुटली आहे काय, थर हाताला सरकतात काय, एवढे तपासावे. रंग निवडण्यास एक दुपार पुरते. टाके घालण्यास महिना लागतो. दाम त्या महिन्याचे द्यावे.