नवस फेडणारे मलिद्याचे ताट

ज्यू धर्मात देवाचे आभार मनातल्या मनात मानून भागत नाही. त्यासाठी वेळ ठरलेली असते, शब्द ठरलेले असतात आणि बऱ्याचदा हातात एखादी वस्तूही असते: पावाचा तुकडा, फळ, द्राक्षरसाचा पेला. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने याच आभारांना मलिद्याचे रूप दिले. महाराष्ट्राच्या धर्मजीवनातला हा एक फार देखणा विधी. समाजाबाहेर मात्र तो फारसा कोणाला ठाऊक नाही.

आभारांची सुरुवात अंथरुणातच होते. जाग येताच, रात्रभर देवाकडे असलेला जीव त्याने परत दिला म्हणून एक छोटे वाक्य म्हणतात. त्यात देवाचे नाव येत नाही, त्यामुळे हात धुण्याआधीही ते म्हणता येते. शौचाहून आल्यावरही एक प्रार्थना आहे. शरीरातल्या ज्या वाटा उघड्या राहायला हव्यात त्या उघड्या राहिल्या आणि ज्या मिटायला हव्यात त्या मिटल्या, याबद्दल तीत देवाची स्तुती केलेली असते. आजारपण काढलेल्या माणसाला या प्रार्थनेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. माणसाने दिवसाकाठी असे शंभर आशीर्वाद म्हणावेत, असे रब्बी मेईर यांचे मत तालमूद या ग्रंथात नोंदलेले आहे.

खाण्याआधी म्हणायच्या आशीर्वादांत तर फळ कुठून आले याचाही विचार असतो. खजूर झाडाचा, म्हणून त्याचा आशीर्वाद वेगळा. केळीला खोडाचे लाकूड नसते, म्हणून केळे जमिनीच्या पिकांत धरतात आणि त्याचा आशीर्वाद निराळा. पाव खाऊन झालेल्या जेवणानंतर पुन्हा मोठी प्रार्थना होते. तिचा आधार बायबलच्या अनुवाद या पुस्तकात, आठव्या अध्यायाच्या दहाव्या वचनात आहे. पोट भरलेला माणूस देणाऱ्याला विसरतो, ही भीती त्याच अध्यायात पुढे स्पष्ट बोलून दाखवलेली आहे.

रोज तीन वेळा उभ्याने म्हणायच्या मुख्य प्रार्थनेत आभाराच्या ठिकाणी कमरेतून वाकतात. हीच प्रार्थना पुढारी मोठ्याने पुन्हा म्हणतो तेव्हा बाकीच्या भागांना मंडळी ‘आमेन’ म्हणतात. आभाराचा भाग आला की मात्र प्रत्येक जण स्वतःच्या तोंडाने आभाराचे शब्द म्हणतो. मागणे दुसऱ्याने मांडलेले चालते, आभार ज्याचे त्यानेच मानायचे, असे त्याचे कारण जुन्या भाष्यकारांनी दिले आहे.

संकटातून सुटलेल्या चौघांवर खास आभाराचे कर्तव्य आहे: समुद्रप्रवास करून आलेला, वाळवंट ओलांडलेला, दुखण्यातून उठलेला आणि कैदेतून सुटलेला. त्याने दहा जणांसमोर उभे राहून आशीर्वाद म्हणायचा आणि जमलेल्यांनी त्याला उत्तर द्यायचे.

मुंबईचे पहिले सिनेगॉग अशाच एका सुटकेशी जोडलेले आहे. सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे कंपनी सरकारच्या फौजेतले बेने इस्राएल अधिकारी. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. जिवंत सुटलो तर देवासाठी प्रार्थनामंदिर बांधीन, असा नवस त्यांनी केला होता, असे समाजात सांगतात. 1796 मध्ये त्यांनी ‘शार हारहामीम’, म्हणजे दयेचे द्वार, हे सिनेगॉग उभारले.

घरोघरी मात्र आभार मानले जातात ते मलिद्याने. बेने इस्राएलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. पुढे ते गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले; शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. संदेष्टा एलियाहू, त्यांच्या बोलीत एलियाहू हनाबी, हा या समाजाचा पाठीराखा. अलिबागजवळ खंडाळे परिसरातल्या एका खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या मानतात आणि नवस फेडायला लोक तिथे जातात.

मलिद्यासाठी पोहे भिजवून त्यात ओले खोबरे, साखर, वेलची आणि सुका मेवा घालतात. ताटात त्याची रास रचून भोवती फळे मांडतात आणि वर गुलाबाच्या पाकळ्या पसरतात. हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, हिब्रू प्रार्थना म्हणतो, एलियाहूचे गीत होते. मग झाडाच्या फळाचा, जमिनीच्या पिकाचा, सुगंधाचा असे एकेक आशीर्वाद म्हणून ताटातले वाटतात. साखरपुडा, लग्न, सुंता, नवे घर, दुखण्यातून उठणे, नोकरी लागणे, यांपैकी काहीही कारण पुरते. जेरुसलेमच्या मंदिरातल्या धान्यार्पणाशी अनेक जण मलिद्याचे नाते जोडतात. ते सिद्ध करणे अवघड आहे. कोकणातल्या मुसलमान घरांतही नियाजेला, म्हणजे अर्पणाच्या प्रसंगी, मलिदा होतोच. पण एकेका पदार्थाचे नाव घेऊन आशीर्वाद म्हणण्याची रीत अस्सल ज्यू आहे, आणि पोहे-खोबरे अस्सल कोकणी.

हे आभार मराठीतही उतरले. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. इजिप्तच्या गुलामीतून झालेल्या सुटकेची कथा सांगणारी, वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा 1874 मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापली गेली. 1948 नंतर समाजातले बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तिथल्या अश्दोद, लोद, बेर शेवा, दिमोना या शहरांतल्या मराठी घरांत आजही शुभकार्याला पोहे भिजतात आणि मलिद्याच्या ताटाभोवती एलियाहू हनाबीचे नाव घेतले जाते.