तळातल्यांच्या पोटात नायलॉन

मनुष्याचा स्पर्श जवळजवळ न झालेला प्रदेश, ही अंटार्क्टिकाची ख्याती आता तपासून घ्यावी लागेल. तेथील रॉस समुद्रात, टेरा नोव्हा उपसागराच्या तळाशी राहणारे पृष्ठवंशहीन प्राणी इटालियन संशोधकांनी तपासले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ८३ टक्के नमुन्यांत प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण सापडले. ओळख पटलेल्या कणांत ८६ टक्के नायलॉन होते.

समुद्रतळावरील प्राण्यांची उपजीविका बव्हंशी वरून झिरपत येणाऱ्या जैविक चुऱ्यावर चालते, आणि त्याच चुऱ्यात हे कण मिसळतात. पाणी गाळून खाणाऱ्या शिंपल्याला अन्नकण कोणता आणि नायलॉन कोणते, हा भेद दरवेळी साधत नाही. या पाहणीत गाळून किंवा खरवडून खाणाऱ्या प्राण्यांत शिकारी प्राण्यांच्या तिपटी-पाचपटीने कण आढळले. उत्तरेकडील बेरिंग व चुकची समुद्रांच्या २०१८ च्या पाहणीत मात्र सर्वाधिक कण निघाले ते शिकारी तारामाशात! तेव्हा अन्नसाखळीविषयी सरसकट विधानाची घाई नको.

हे सारे दूरच्या शहरांतून वाहत आले, असे म्हणून संशोधन-केंद्रांना हात झटकता येणार नाहीत. १९९१ च्या माद्रिद मसुद्याने टाकाऊ प्लॅस्टिक खंडाबाहेर नेण्याचे बंधन घातले खरे. परंतु पाणी लवकर पसरेल अशा ठिकाणी सांडपाणी समुद्रात सोडण्याची मुभा ठेवली. उन्हाळ्यात सरासरी तीसेक माणसे राहणाऱ्या केंद्रांनी ते निदान दळून बारीक करून सोडावे, एवढीच सक्ती. कपडे धुताना सुटणारा धागा दळल्याने नाहीसा होत नाही. काही केंद्रांनी स्वतःहून शुद्धीकरणाची यंत्रे बसविली, हे त्यांना भूषणावह. पण नियम तेथेच थांबला आहे.

प्लॅस्टिकविषयक जागतिक कराराची बोलणी ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात निर्णयाविना संपली. त्या कराराची वाट पाहत बसण्याचे येथे कारण नाही. भारत १९८३ पासून अंटार्क्टिक कराराचा सदस्य आहे. २०२४ ची सल्लागार बैठक तर कोचीलाच भरली होती. आपले ‘भारती’ केंद्र सागरकिनारीच उभे आहे आणि त्याचा कारभार गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. धुण्याचे पाणी गाळूनच सोडण्याची सक्ती सर्व केंद्रांवर व्हावी, असा प्रस्ताव आपण मांडावा. आणि तत्पूर्वी आपल्या सांडपाण्यातील धाग्यांची मोजणी करून ते आकडे प्रसिद्ध करावेत.