डोळ्याच्या काचेत रक्तवाहिन्या शिरल्या तर? कॉर्निया ट्रान्सप्लांटनंतरचे थेंब का बंद करायचे नसतात

नेवासा तालुका म्हणजे उसाचा पट्टा. सोनई आणि भेंडा, दोन्हीकडे साखर कारखाने. उसाचं पातं डोळ्याला लागणं इकडे कुणाला नवीन नाही. पण त्या ओरखड्यातून बुरशी आत गेली, तर जखम चिघळते आणि बरी झाल्यावरही पांढरा डाग राहतो. आपल्याकडे म्हणतात, डोळ्यात फूल पडलं. नजर फारच गेली, तर नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसवावा लागतो. ऑपरेशननंतर तो टिकवायचा कसा, ते आज समजून घेऊया.

कॉर्निया वेगळा का?

मोबाइलच्या कॅमेऱ्यावर जशी काच, तसा डोळ्यावर कॉर्निया. मधोमध जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात एकही रक्तवाहिनी नसते, म्हणून तो पारदर्शक राहतो. ऑक्सिजन तो मुख्यतः हवेतून घेतो.

याचा दुसरा फायदाही आहे. परक्या पेशींवर हल्ला करणाऱ्या पेशी रक्तातून फिरतात. रस्ताच नसेल तर त्या सहज पोहोचणार कशा? ७ डिसेंबर १९०५ ला डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्समध्ये पहिलं यशस्वी कॉर्निया ट्रान्सप्लांट केलं. तेव्हा इम्युनिटी दाबणारी औषधं नव्हतीच, तरी तो कॉर्निया टिकला.

मग बिघडतं कुठे?

इन्फेक्शन किंवा चुन्याने भाजल्यावर डोळ्यात सूज येते. तिथे 'व्हीईजीएफ' नावाचं प्रथिन वाढतं आणि कडेच्या रक्तवाहिन्या कॉर्नियात शिरतात. सोबत लसिकावाहिन्याही येतात. म्हणजे हल्लेखोर पेशींना यायला रस्ता, आणि 'इथे परकं काहीतरी आहे' ही खबर लसिकाग्रंथींपर्यंत जायलाही रस्ता. अशा डोळ्यात रिजेक्शनचा धोका बराच जास्त. कॉर्नियाच्या सगळ्यात आतल्या थरातल्या पेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत. त्या मेल्या की नवा कॉर्नियाही धुरकट होतो.

औषधं काय करतात?

- स्टेरॉइडचे थेंब: सूज आणि हल्ला, दोन्ही कमी करतात. बऱ्याच महिन्यांपर्यंत चालतात, हळूहळू कमी केले जातात. डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं, म्हणून तपासणी चुकवायची नाही.
- सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस: 'संख्या वाढवा' हा टी-पेशींचा सिग्नलच अडवतात. जास्त धोका असेल तर कधी गोळ्याही देतात. तेव्हा किडनी आणि बीपीवर लक्ष ठेवावं लागतं.
- बेव्हॅसिझुमॅब: व्हीईजीएफला पकडून ठेवतं. नव्याने वाढणाऱ्या रक्तवाहिन्यांवर जास्त चालतं, जुन्या पक्क्या झालेल्यांवर कमी.

तुम्ही काय करायचं?

घरात कुणाचं हे ऑपरेशन झालं असेल, तर प्रत्येक थेंबाचा अलार्म त्यांच्या मोबाइलमध्ये लावून द्या. 'आता चांगलं दिसतंय' म्हणून थेंब आपल्या मनाने बंद करू नका. डोळा लाल होणं, दुखणं, उजेड सहन न होणं, नजर अंधुक होणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लवकर पोहोचलं तर बऱ्याचदा कॉर्निया वाचतो.

आणि पातं लागलं असेल, तर मेडिकलमधून विचारून आणलेला थेंब टाकू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि जखमेत बुरशी असेल, तर ती आणखी फोफावते. ट्रान्सप्लांटनंतर कॉर्निया वाचवणारं औषध इथे डोळा घालवू शकतं. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, मगच थेंब.