बाल्डविन सफरचंद : गुणी फळ, पण झाड अवघड

सफरचंदाचे रोप घेताना आपण फळाचा रंग, आकार आणि चव पाहतो. पण बाग टिकते ती झाडाच्या स्वभावावर. बाल्डविन हा जुना अमेरिकन वाण याचे चांगले उदाहरण आहे.

उगम
अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील विल्मिंग्टन येथे सुमारे १७४० मध्ये हे झाड बियांपासून आपोआप उगवलेले आढळले. झाडावर सुतार पक्ष्यांचा वावर असल्याने त्याला ‘वुडपेकर’ असेही म्हणत. पुढे कर्नल लोअॅमी बाल्डविन यांनी त्याची कलमे करून प्रसार केला आणि वाणाला त्यांचे नाव मिळाले. एकोणिसाव्या शतकात ईशान्य अमेरिकेत हा प्रमुख व्यापारी वाण होता.

फळाची वैशिष्ट्ये
- फळ मध्यम ते मोठे. पिवळसर सालीवर गडद लाल रंग.
- गर पिवळसर, घट्ट, रसाळ, चव आंबटगोड.
- साल जाड असल्याने वाहतुकीत फळ टिकते. शीतगृहे नसतानाही ते पिंपांत भरून दूरवर पाठवले जाई.
- खाण्यासाठी, पाय आणि सायडर या पेयासाठी उपयुक्त.

झाडाच्या अडचणी
१) त्रिगुणित वाण : सामान्य सफरचंदात ३४ गुणसूत्रे असतात, बाल्डविनमध्ये ५१. त्यामुळे त्याचे पराग बहुतांशी निकामी असतात. तो शेजारच्या वाणाला पराग देऊ शकत नाही. म्हणून बागेत एकाच वेळी फुलणारे आणखी दोन द्विगुणित वाण लावावे लागतात. ते बाल्डविनलाही पराग देतात आणि एकमेकांनाही.

२) वर्षाआड फळधारणा : आपल्या हापूसप्रमाणेच एक वर्ष भरघोस, दुसरे वर्ष जवळपास रिकामे. पुढील वर्षाच्या फुलकळ्या यंदाची फळे लहान असतानाच ठरतात. जास्त फळांतील बियांमधील जिबरेलिन या संजीवकामुळे कळ्या कमी तयार होतात. म्हणून फुले गळल्यानंतर महिनाभरात विरळणी करावी. उशिरा केलेल्या विरळणीने फळाचा आकार वाढतो, पण पुढील बहर सुधारत नाही.

३) बिटर पिट : कॅल्शियम कमी पडल्याने फळावर खोलगट तपकिरी ठिपके पडतात. या वाणात ही विकृती इतकी दिसे, की तिला ‘बाल्डविन स्पॉट’ म्हणत.

४) कडाक्याच्या थंडीत मर : १९३३-३४ च्या हिवाळ्यात न्यू इंग्लंड व न्यूयॉर्क भागात बाल्डविनची झाडे मोठ्या प्रमाणात मेली. बागायतदारांनी नवी लागवड करताना मॅकिंटॉशसारखे काटक वाण निवडले. बाजारात मागणी असलेला वाण एका हिवाळ्यात मागे पडला.

आपल्यासाठी काय?
बाल्डविनला थंडीचे बरेच तास लागतात, त्यामुळे महाराष्ट्रात त्याच्या लागवडीचा विचार करू नये. आपल्याकडे अण्णा, डॉर्सेट गोल्डन, एचआरएमएन-९९ अशा कमी थंडीच्या वाणांची रोपे विकली जातात. कोणतेही रोप घेण्यापूर्वी रोपवाटिकेला चार प्रश्न विचारा :
- ७ अंश सेल्सिअसखालील किती तास थंडी लागते, आणि आपल्या गावात तेवढी पडते का?
- सोबत कोणता परागदाता वाण लावावा?
- दरवर्षी फळ येते का?
- कलम कोणत्या खुंटावर केले आहे?

उत्तरे समाधानकारक नसतील, तर एकराने लागवड करू नका. आधी चार-पाच झाडे लावून दोन-तीन बहर पाहा, मगच क्षेत्र वाढवा.